आठवड्याबाहेरचा मालक

टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या ठिकाणी असलेल्या एकाच घराची वर्षातील आठवड्यांनुसार केलेली वाटणी होय. ५२ आठवड्यांपैकी एक-दोन आठवडे रंगरंगोटी आणि दुरुस्ती यांसाठी राखून ठेवायचे, उरलेले ५० किंवा ५१ आठवडे तितक्याच कुटुंबांना विकायचे, प्रत्येकाने आपापल्या आठवड्यात येऊन राहायचे आणि देखभालीचा खर्च सर्वांनी वार्षिक वर्गणीतून भागवायचा, अशी ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रुजली आणि अमेरिकेत फोफावली. जिचे खरेदीखत मार्च महिन्यातील एका आठवड्याचे आहे, अशा मालकिणीने ऑगस्टमधील एखाद्या दिवशी सकाळी यावे, खोली न मागता तलावात पोहावे, किनाऱ्यावर बसावे आणि सूर्यास्तापूर्वी परत जावे, याला रिसॉर्टने मुभा द्यावी की नाही, हा वाद या धंद्यात जुना आहे. धंद्याने आपली कागदपत्रे कशी घडवली आणि आपली गिऱ्हाइके कुठे शोधली, हे पाहिल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

युरोपातील आरंभीच्या योजनांत हा प्रश्न फारसा उद्भवला नाही. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या हापीमाग या कंपनीने घरे विकलीच नाहीत. तिने समभाग विकले आणि भागधारकांना दरवर्षी काही गुण देऊन त्या गुणांच्या बदल्यात कंपनीच्या मालकीच्या निरनिराळ्या घरांत राहण्याची सोय केली. फ्रान्समध्ये त्याच दशकात आल्प्स पर्वतातील सुपरदेव्होलुई या बर्फावरील खेळांच्या नव्या वसाहतीत एका मोठ्या बांधकाम कंपनीने ठरावीक काळाच्या वास्तव्याचा हक्क देणारे समभाग विकले, आणि अशा कंपन्यांसाठी फ्रान्सने पुढे १९८६ साली स्वतंत्र कायदा केला. या दोन्ही ठिकाणी खरेदीदार हा घराचा मालक नसून कंपनीचा भागधारक होता, त्याचे राहते शहर सहसा दूर होते, आणि डोंगरउताराचा लाभ घ्यायचा तर दोरवाटेचे तिकीट सर्वांनाच वेगळे काढावे लागे. दिवसापुरते येऊन मिळवण्यासारखे तिथे फारसे काही नव्हतेच.

अमेरिकेत चित्र बदलले, कारण तिथे ही कल्पना अपार्टमेंटच्या कायद्यावर कलम केली गेली. एकाच इमारतीतील सदनिका स्वतंत्र मालकीच्या आणि जिना, अंगण, तलाव यांसारख्या सामाईक जागा सर्वांच्या अविभक्त हिश्श्याच्या, ही रचना १९६० च्या दशकात तेथील राज्यांनी कायद्याने मान्य केली. महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा याच धर्तीचा असल्याने मराठी वाचकाला ती अपरिचित नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्लोरिडातील किनाऱ्यावर बांधून तयार असलेल्या सदनिकांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा एक सदनिका एकाला विकण्याऐवजी पन्नास जणांना विकण्याची युक्ती बिल्डरांच्या उपयोगी पडली.

त्यासाठी वकिलांनी मुख्यतः दोन प्रकारची खरेदीखते तयार केली. पहिल्या प्रकारात सर्व खरेदीदार संपूर्ण सदनिकेचे बाराही महिने सहमालक होतात, मात्र आपल्या आठवड्याखेरीज अन्य काळात ताबा मागणार नाही असे परस्परांना लिहून देतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाला केवळ आपल्या आठवड्यापुरती, दरवर्षी परत येणारी मालकी मिळते आणि खतात नमूद केलेली काही दशकांची मुदत संपल्यावरच सर्वजण संपूर्ण सदनिकेचे सहमालक बनतात. पहिल्या प्रकारातील मालक ऑगस्टमध्येही मालकच असतो, फक्त त्याने आपला हात आखडता घेतलेला असतो. दुसऱ्या प्रकारातील मालकाचे ऑगस्टमध्ये त्या वास्तूत, मुदतीनंतर मिळायच्या हिश्श्याखेरीज, कायद्याच्या दृष्टीने काहीही नसते. विक्रेत्याच्या टेबलावर मात्र हा भेद क्वचितच उलगडून सांगितला जाई, आणि दोन्ही प्रकारचे खरेदीदार आपण समुद्रकाठच्या घराचे धनी झालो अशाच समजुतीने परतत. आठवड्याबाहेर फाटकाशी अडवले गेल्यावर त्यांना होणारा संताप या समजुतीतून आलेला आहे, आणि तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅनिबेल बेट या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. शिंपल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटावर पूर्वी नावेनेच जावे लागे. १९६३ साली सेतुमार्ग झाला आणि पथकर भरून मोटार थेट किनाऱ्यापर्यंत नेता येऊ लागली. बांधकामांचा लोंढा येणार हे ओळखून रहिवाशांनी १९७४ साली मतदानाने स्वतःची नगरपालिका स्थापन केली आणि १९७६ च्या विकास आराखड्याने घरांच्या संख्येवर मर्यादा घातली. नेमक्या याच सुमारास तिथे कॅपट्रान या कंपनीने सॅनिबेल बीच क्लब हे खरेदीखतासह आठवडे विकणारे, अमेरिकेतील आरंभीच्या टाइमशेअरांपैकी एक, रिसॉर्ट उभे केले. बेटावर नवी घरे मोजकीच होणार, समोरच्या मुख्य भूमीवर फोर्ट मायर्स शहर वाढत जाणार आणि दोहोंमध्ये काही मैलांचा पूल, अशा परिस्थितीत त्या शहरात राहणाऱ्या टाइमशेअर-मालकाला सात रात्रींच्या मुक्कामाइतकीच एका दुपारच्या फेरीची किंमत वाटणे स्वाभाविक होते.

त्या दुपारी त्याला हवे तरी काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. समुद्र त्याला कोणीच नाकारू शकत नव्हते, कारण फ्लोरिडात सरासरी भरतीरेषेखालची वाळू जनतेची मानली जाते. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९६८ साली अ‍ॅशफर्ड खटल्यात खासगी जमिनीची हद्द लाटांचे पाणी वर्षात जिथवर चढते तिथवर मागे सारली होती. किनारा सर्वांचा असला तरी तिथे पोहोचल्यावर मोटार लावायला जागा, अंगावरची खारट वाळू धुवायला नळ, मुलांसाठी गोड्या पाण्याचा तलाव आणि सावलीत टाकलेली खुर्ची या चार गोष्टी खासगी हद्दीतच असतात, आणि सॅनिबेलसारख्या बेटावर त्यांत सर्वांत दुर्मीळ असते ती मोटार लावायची जागा. दिवसभेटीचा वाद तत्त्वाच्या भाषेत मांडला जात असला, तरी प्रत्यक्षात तो पुष्कळदा मोटारींच्या जागेवरून पेटतो.

हिशेब मांडला की दुसरी बाजूही स्पष्ट होते. ६० सदनिकांच्या रिसॉर्टचे ५१ आठवडे विकले तर ३,०६० मालक होतात. प्रत्येक सदनिकेत सरासरी चार माणसे धरली तर भर हंगामात तलावाभोवती २४० माणसे असतात. उरलेल्या ३,००० मालकांपैकी शंभरात दोघेच कुटुंबासह एका रविवारी आले तरी आणखी २४० माणसांची भर पडते, म्हणजे गर्दी दुप्पट होते. फ्लोरिडात सार्वजनिक तलावात एका वेळी किती माणसे उतरू शकतात हे पाणी गाळून परत सोडणाऱ्या यंत्रणेच्या वेगाशी बांधलेले असते आणि तो आकडा तलावाकाठच्या पाटीवर लिहावा लागतो. त्या पाटीपुढे कोणाचे खरेदीखत चालत नाही. ज्याचा आठवडा चालू आहे त्याने पैसे मोजताना तलावासोबत तलावातील मोकळी जागाही विकत घेतलेली असते. आपण वर्षभराची देखभाल वर्गणी भरतो म्हणून वर्षभर येण्याचा हक्क आहे, हा दिवसभेटीच्या बाजूने वारंवार केला जाणारा युक्तिवाद म्हणूनच लंगडा ठरतो: प्रत्येकजण एका सदनिकेच्या खर्चाचा पन्नासावा हिस्सा भरतो, म्हणजे एका आठवड्याचाच खर्च भरतो.

कायद्याने मात्र या दिवसाच्या पाहुण्याची फारशी दखल घेतली नाही. फ्लोरिडाने १९८१ साली टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि मालकांना वर्षभरात देऊ केलेल्या रात्रींची बेरीज प्रत्यक्ष उपलब्ध रात्रींपेक्षा अधिक असता कामा नये, हे तत्त्व त्या राज्याच्या टाइमशेअर कायद्यात ठळकपणे दिसते. युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशाच्या जागी आणलेल्या आणि जानेवारी २००९ मध्ये संमत केलेल्या नव्या निर्देशातही टाइमशेअरची व्याख्या रात्रीच्या निवासाच्या जागेवरच आधारलेली आहे. एकच रात्र दोघांना विकण्याची लबाडी थांबवणे, दडपणाखाली सही करणाऱ्या ग्राहकाला करार मोडण्यासाठी काही दिवसांची मुदत देणे, ही कायदेकारांची निकड होती आणि ती रास्तच होती. दिवसाचा निर्णय त्यामुळे प्रत्येक रिसॉर्टच्या घोषणापत्रावर, म्हणजे इमारतीच्या मालकीची रचना सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजावर, आणि मालक-संघाच्या नियमांवर सोडला गेला. काही संघांनी पाहुणे कमी असतील तेव्हा प्रवेश द्यावा असे ठरवले, काहींनी फी लावली, काहींनी दार बंद ठेवले.

अदलाबदलीच्या व्यवस्थेने हा प्रश्न काही काळ मागे पडला. १९७४ साली इंडियानापोलिस येथे जॉन आणि क्रिस्टेल डीहान यांनी आरसीआय ही संस्था सुरू केली आणि १९७६ साली तिची प्रतिस्पर्धी इंटरव्हल इंटरनॅशनल निघाली. आपला आठवडा संस्थेकडे जमा करून त्या बदल्यात दुसऱ्या देशातील आठवडा घेता येऊ लागल्यावर, ज्या रिसॉर्टमध्ये कधीच जायचे नाही तिथलाच आठवडा केवळ विनिमयाचे नाणे म्हणून विकत घेणारे लोक वाढले. अशा मालकाला दिवसभेटीचे सोयरसुतक नसते. मोटारीने दोन-तीन तासांत पोहोचता येतील अशा ठिकाणी मात्र जवळचे गिऱ्हाईक टिकून राहिले, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातील काही योजनांनी त्याला शेवटच्या घटकेला रिकाम्या राहणाऱ्या रात्री अल्प दरात देण्याची पद्धत पाडली. न विकलेली रात्र फुकट जाण्यापेक्षा चार पैसे मिळवणे हा त्यामागील साधा हिशेब होता, आणि तो रात्रींना लागू पडतो तसा भर हंगामातील रविवारच्या दुपारला लागू पडत नाही.

पुढे डिस्नीसारख्या बड्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. १९९१ पासून सुरू झालेल्या डिस्नीच्या योजनेत सभासदाला ठरावीक आठवड्याऐवजी गुण मिळतात. गुणांवर मुक्काम करत असलेल्या सभासदाला योजनेतील इतर रिसॉर्टांचे तलाव वापरता येतात, परंतु गर्दीचे दिवस वगळले जातात आणि डिस्नीच्याच बीच क्लब रिसॉर्टमधील स्टॉर्मअलाँग बे हा लोकप्रिय तलाव या सवलतीत येतच नाही. म्हणजे तिथेही दिवसाची मुभा रात्रीच्या मुक्कामालाच जोडलेली आहे. ज्याची रात्र नाही त्याचा दिवसही नाही.

भारतात टाइमशेअर आले ते मालकीच्या रूपात नव्हे, सभासदत्वाच्या रूपात. १९८६ साली स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने कोडाईकनालपासून आरंभ केला. १९९६ साली निघालेल्या महिंद्रा हॉलिडेजने मुन्नार येथून सुरुवात करून २५ वर्षांसाठी दरवर्षी सात रात्री, त्याही रंगांनी वर्गवारी केलेल्या हंगामानुसार, देण्याचा नमुना रूढ केला. सभासदाकडे कोणत्याही इमारतीचा अविभक्त हिस्सा नसल्याने दिवसभेट ही इथे कराराने दिली तर मिळणारी सवलत ठरते. मुंबईत तर रात्र हे एकक जागेपासून इतके सुटे झाले की पॅनकार्ड क्लब्ज कंपनीच्या खोली-रात्री विकण्याच्या योजनेला सेबीने सामूहिक गुंतवणूक योजना मानले आणि २०१६ साली गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. गोव्यात १९९० च्या दशकात टाइमशेअरचे गिऱ्हाईक मुख्यतः सुट्टीवर आलेला ब्रिटिश प्रवासी होते, आणि त्याने एका दुपारसाठी परतणे शक्यच नव्हते. लोणावळा आणि महाबळेश्वर यांची गोष्ट निराळी: पुण्या-मुंबईचे कुटुंब तिथे सकाळी निघून रात्री घरी येऊ शकते, आणि एक दिवसाच्या सहलीसाठी बाहेरच्यांकडून पैसे घेणारी रिसॉर्टे त्या परिसरात पुष्कळ आहेत. ज्या रिसॉर्टमध्ये अनोळखी माणसाला पैसे भरून दिवस घालवता येतो तिथे सभासदाला मज्जाव करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पाळीने उपभोगायचा हक्क महाराष्ट्राला नवा नाही. देवस्थानातील पूजेची पाळी हा वारसाने येणारा आणि भाऊबंदांत वाटून घेता येणारा हक्क असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच मानले होते. पाळी नसलेल्या पुजाऱ्याला त्या दिवसाचे उत्पन्न मिळत नसे, पण देवळात येण्यास त्याला कोणी मनाई करत नसे. टाइमशेअरमध्ये मात्र तलावातील जागा आणि मोटारीची जागा हेच ते उत्पन्न असल्याने प्रवेश आणि उत्पन्न यांची फारकत करणे अवघड जाते. म्हणून दिवसभेट सरसकट नाकारणे जितके चूक, तितकेच ती हक्क म्हणून मागणेही चूक ठरते. मोजक्या संख्येने, आगाऊ नोंदणीने आणि गर्दीचे दिवस वगळून ती द्यावी, आणि तसे घोषणापत्रात विक्रीपूर्वीच लिहावे, हेच अधिक न्याय्य दिसते. हे लिहिणे विक्रेत्यांच्या हातात होते, आणि पुष्कळांनी ते टाळले.

मुदतीची खरेदीखते असलेल्या फ्लोरिडातील जुन्या रिसॉर्टांपुढे एकविसाव्या शतकात वेगळाच पेच आला आहे. १९७० च्या दशकात दूरची वाटलेली वर्षे येऊन ठेपली. त्या तारखेला आठवड्यांच्या भिंती गळून पडतात, पन्नास कुटुंबे एका सदनिकेची एकत्र सहमालक होतात आणि त्यांपैकी कोणीही न्यायालयात जाऊन वाटपासाठी विक्री मागू शकतो. ते टाळण्यासाठी मालक-संघांना मुदत वाढवायची की वास्तू विकून टाकायची यावर आधीच मतदान घ्यावे लागते. दूर राहणारे मालक त्या सभेला आपले मुखत्यारपत्र पाठवतात, अनेकदा ते व्यवस्थापनाच्याच नावे असते, आणि सभागृहात प्रत्यक्ष बसलेले असतात ते बहुधा पुलापलीकडून मोटारीने आलेले.