वेगळी वसतिगृहं, एक स्वयंपाकघर

मुलांना धर्मसहिष्णुता शिकवायची कशी, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं : पाठ्यपुस्तकात एक धडा घाला. आज मी धड्याबद्दल बोलणार नाही, वसतिगृहांबद्दल बोलणार आहे.

१९०१ साली छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकारानं कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू झालं. त्याच साली जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आता तुम्ही विचाराल, वेगवेगळी कशाला? तर बघा, खेड्यातल्या बापाला मुलगा शहरात पाठवताना पहिली धास्ती जेवणाची असायची. कुणाच्या हातचं खाणार, कुणाच्या पंक्तीला बसणार? ही धास्ती नाकारून मुलं शाळेत आली नसती. महाराजांनी ती ओळखली आणि मुलं आली. पंक्ती मात्र वेगळ्याच राहिल्या.

कुंभोजचे भाऊराव पाटील तेव्हा जैन वसतिगृहात राहायचे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आधी आंघोळ कर. त्यांनी ऐकलं नाही आणि वसतिगृह सुटलं. वय तरुण होतं. विटाळ म्हणजे काय, हे त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दिवशी जास्त कळलं असणार.

पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह काढलं. एक स्वयंपाकघर, एक पंक्ती. कामंही मुलांनीच वाटून घ्यायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. त्यांनी या मुलांना आपलं मानलं. दाणागोटा संपला तेव्हा दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांचं नाव आपण घेतो, पण या बाईंनी स्वतःच्या मनाशी केलेला झगडा आपण मोजत नाही.

फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं नामकरण झालं. नाव कुणाचं दिलं? छत्रपती शाहूंचं. म्हणजे भाऊरावांच्या लेखी ते महाराजांना खोडून काढत नव्हते, त्यांच्या पुढचं पाऊल टाकत होते.

आज आपल्या शाळांत सगळे सण साजरे होतात. मुलं फेटे बांधतात, टोप्या घालतात, फोटो निघतात. वाईट काहीच नाही त्यात. पण घरी गेल्यावर मुलाला एवढंच विचारा : दुसऱ्या धर्माच्या कुठल्या मित्राच्या घरी तू जेवलास का? आणि तो आपल्याकडे कधी जेवायला आला होता? उत्तर ‘नाही’ आलं, तर त्यात मुलाचा दोष नाही. पंक्ती मांडणं मोठ्यांचं काम आहे.

इथे थांबतो.