व्हॉल्व्हचा हीटर, गावची लाइन आणि खरं बोलणारा टेस्टर

आजचा विषय ऐकायला अगदी बारीक वाटेल. रेडिओचे व्हॉल्व्ह तपासायचा घरी बनवलेला टेस्टर, आणि त्यात हीटरला द्यायचं व्होल्टेज. पण सातारा-सांगलीकडे वीज आणि रेडिओ कसे नांदले, ते या एका गोष्टीतून चांगलं दिसतं. आणि ज्यांच्या घरी आजोबांचा लाकडी पेटीचा रेडिओ अजून आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न आजही जिवंत आहे.

आधी व्हॉल्व्हचं काम समजून घेऊ. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. आत एक कॅथोड. हीटर त्याला तापवतो आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. १९०४ च्या सुमारास जर्मनीत वेनेल्टने दाखवलं, की धातूवर बेरियमसारख्याच्या ऑक्साइडचा लेप दिला तर कमी उष्णतेतही भरपूर इलेक्ट्रॉन निघतात. पुढे रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये हाच लेप आला. तो मंद लालसर तापला की पुरे. मात्र इथे एक मेख आहे. उष्णता थोडी वाढली की इलेक्ट्रॉन दुपटी-तिपटीने वाढतात. हा नियम रिचर्डसनने बसवला आणि त्याबद्दल त्याला १९२८ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले ग्लास वर्क्स निघालं. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. कंदिलाची वात जास्त वर केली की उजेड वाढतो, पण काच काजळते आणि तेलही लवकर संपतं. फार खाली केली की नुसतं मिणमिणतं. व्हॉल्व्हचा हीटर म्हणजे तशीच वात. फरक एवढाच, की कंदिलाची काच पुसता येते. कॅथोडवरचा लेप एकदा उडाला की गेला.

मग वात किती वर ठेवायची? ते व्हॉल्व्हच्या नावातच लिहिलेलं असतं. ६व्ही६ मधला पहिला ६ म्हणजे ६.३ व्होल्ट. हा ६.३ आकडा मोटारीच्या बॅटरीतून आला: शिसे-आम्लाचे तीन सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट. युरोपच्या पद्धतीत पहिलं अक्षर बघायचं. ईसीसी८३ मधला ई म्हणजे ६.३ व्होल्ट. डीएफ९१ मधला डी म्हणजे १.४ व्होल्ट, बॅटरीवरच्या सेटसाठी. आणि यूएल४१ मधला यू व्होल्ट सांगतच नाही, तो १०० मिलिअँपिअर सांगतो.

असं का, तर यू मालिकेचे हीटर माळेसारखे एकामागे एक जोडायचे. एसी-डीसी सेटमध्ये यूसीएच४२ चे १४ व्होल्ट, यूएएफ४२ चे १२.६, यूबीसी४१ चे १४, यूएल४१ चे ४५, यूवाय४१ चे ३१. बेरीज ११६.६. लाइन २३० ची, म्हणजे उरलेले ११३ व्होल्ट एका जाड रेझिस्टरने खायचे. एक हीटर गेला की अख्खी माळ विझते, दिवाळीच्या लायटिंगसारखी.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, तोच पुढे सांगली जिल्हा. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ आलं. १९६२ मध्ये कोयनेच्या पाण्यावर पोफळीला वीज तयार होऊ लागली. १९६३ मध्ये आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं. व्हॉल्व्हही देशात होऊ लागले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून ते बनवायला घेतले. म्हणजे वीज, केंद्र आणि व्हॉल्व्ह हे तिन्ही दोन-तीन वर्षांत जुळून आलं.

पण वीज येणं वेगळं आणि २३० व्होल्ट येणं वेगळं. लांबलचक लाइन, तिच्यावर विहिरीचे आणि नदीवरचे पंप. पंप सुरू झाले की घरातला बल्ब पिवळा पडायचा, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. व्होल्टेज कमी झालं की पंपाची मोटार जास्त करंट ओढते आणि जळते; म्हणून तर मोटार रिवाइंडिंगची इतकी दुकानं. रेडिओचं उलटं. तो जळत नाही, थंड पडतो. समजा लाइन १८० वर आली. मग ६.३ च्या जागी हीटरला मिळतात ४.९ व्होल्ट. आवाज बारीक होतो, स्टेशन नीट लागत नाही, आणि घरचे म्हणतात, “व्हॉल्व्ह गेला.”

टेस्टरचा कस लागतो तो इथे. दुकानातला टेस्टर त्याच लाइनवर चालतो. लाइन खाली असेल तर तो चांगला व्हॉल्व्हही कमजोर दाखवेल आणि गिऱ्हाईक विनाकारण नव्याचे पैसे देईल. रात्री उशिरा लाइन २५० वर गेली तर हीटरला ६.८५ मिळतील आणि म्हातारा व्हॉल्व्ह तरुण वाटेल. मीटरचा काटा दोन्ही वेळा प्रामाणिकच असतो. खोटं बोलतो तो हीटर. म्हणून चांगल्या कारखानी टेस्टरवर लाइन जुळवून घ्यायचं वेगळं बटण असायचं.

घरी टेस्टर बांधणाऱ्याला पहिली युक्ती सुचते ती हीटरच्या तारेत रिओस्टॅट टाकायची. ती फसते. दोन ओहमचा रेझिस्टर घ्या. ६.३ वरच्या ईसीसी८३ चा हीटर ०.३ अँपिअर ओढतो, तिथे ०.६ व्होल्ट पडतात. ईएल३४ दीड अँपिअरचा, तिथे तोच रेझिस्टर तीन व्होल्ट पाडेल. दर व्हॉल्व्हला हिशेब नवा. दुसरी युक्ती पंख्याच्या डिमरची. तो लाइनची लाट कापतो, आणि साधा मीटर कापलेल्या लाटेवर चुकीचा आकडा दाखवतो.

सरळ मार्ग असा. १.४, ५, ६.३, १२.६ असे टॅपिंग काढलेला ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. रिवाइंडिंगवाला तो बांधून देऊ शकतो. त्याच्या प्रायमरीला व्हेरिएक लावायचा, म्हणजे लाइन कशीही असो, आपण हाताने जुळवतो. आणि व्होल्टेज मोजायचं ते ट्रान्सफॉर्मरवर नाही, तर सॉकेटच्या पिनांवर, व्हॉल्व्ह बसवून आणि तापू देऊन. बारीक तार आणि ढिला स्विच मध्येच व्होल्ट खातात. अजून एक पथ्य: व्हॉल्व्ह घालण्याआधी टॅपिंग बघायचं. १.४ वाल्या डीएफ९१ ला ६.३ दिले तर तो लगेच जातो.

हे जमलं की खरी परीक्षा घेता येते. हीटर बरोबर ठेवून करंट बघा. मग व्होल्टेज दहा टक्के उतरवा, म्हणजे ६.३ चे ५.७. निरोगी कॅथोडकडे इलेक्ट्रॉनची शिल्लक असते, काटा जेमतेम हलतो. झिजलेल्याचा काटा घसरत जातो. मात्र ही परीक्षा थोडक्यात आटपायची. थंड कॅथोडमधून फार वेळ पूर्ण करंट ओढणं त्याला मानवत नाही.

म्हणजे बघा, गावच्या लाइनने जो त्रास दिला, तोच इथे मोजून-मापून परीक्षा म्हणून वापरला जातो. लाइन आपल्याला हवी तेव्हा खाली येत नव्हती; व्हेरिएक येतो. आज सेट जुने झाले, व्हॉल्व्ह दुर्मिळ झाले. चांगला व्हॉल्व्ह चुकून फेकला तर तसाच दुसरा सहज मिळायचा नाही. म्हणून कुणी “हा गेला” म्हटलं, की आधी एक विचारा: हीटरला किती व्होल्ट होते, आणि ते कुठे मोजले?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.