इल्का गेदो

इल्का गेदो (२६ मे १९२१, बुडापेस्ट – १९ जून १९८५, बुडापेस्ट) या हंगेरियन चित्रकार व रेखाटनकार होत्या. हंगेरीत आडनाव आधी लिहिण्याची रीत असल्याने तिकडील ग्रंथांत त्यांचे नाव 'गेदो इल्का' असे आढळते.

== पूर्वायुष्य ==
त्यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. इल्का लहानपणापासून सतत रेखाटने करीत. १९४४ च्या मार्चमध्ये जर्मन फौजांनी हंगेरी व्यापला आणि ज्यूंची कोंडी सुरू झाली. बुडापेस्टच्या घेट्टोत कोंडलेली म्हातारी माणसे, मुले आणि स्वतःचा चेहरा त्यांनी कागदावर उतरविला. या रेखाटनांत आक्रोश नाही. भूक, थकवा व वाट पाहणे आहे, आणि म्हणूनच ती अधिक अस्वस्थ करतात.

युद्धानंतर त्यांनी कला अकादमीत प्रवेश घेतला, परंतु लवकरच ती सोडली. १९४६ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ एंद्रे बिरो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे झाले. गरोदरपणातील आत्मचित्रे, गान्झ कारखान्यातील कामगार व यंत्रे, आणि एका साध्या टेबलाची अनेक रेखाटने हे याच काळातील काम.

== मौनाची वर्षे ==
१९४९ मध्ये गेदो यांनी चित्रकला थांबविली व सुमारे सोळा वर्षे तिला हात लावला नाही. नव्या साम्यवादी राजवटीला समाजवादी वास्तववादाखेरीज दुसरी कला मान्य नव्हती. पण दोष केवळ राजवटीला देणे अपुरे ठरेल. ज्या बंडखोर कलाविचारवंतांच्या वर्तुळात त्या वावरत, त्यातील अनेकांना अमूर्त कलाच खरी वाटे. समोरचे पाहून केलेल्या रेखाटनांची तेथे कदर झाली नाही. एकीकडे सत्तेचा व दुसरीकडे मित्रांचा नकार, अशी ही कोंडी होती. या काळात त्यांनी कलेतिहासाचा व गटेच्या रंगविचाराचा अभ्यास केला.

== पुनरागमन ==
१९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी पुन्हा कुंचला हाती घेतला, तो मुख्यतः तैलरंगांसाठी. त्यांची पद्धत विलक्षण संथ होती. आधी एक छोटे रेखाचित्र, मग चौकटी आखून त्याचे मोठे रूप, आणि त्यानंतर रंगांच्या छटा एकेक करून पडताळणे. कोणता रंग का निवडला याची नोंद त्या वह्यांतून करीत, त्यामुळे एक चित्र पुरे होण्यास कधी वर्षे लागत. कृत्रिम फुले व गुलाबबागा या त्यांच्या चित्रमालिका प्रसिद्ध आहेत. अखेरच्या काळात त्यांनी आपल्याच जुन्या आत्मचित्रांवरून तैलचित्रे केली. १९६९-७० मध्ये त्या पॅरिसमध्ये होत्या.

१९८० मध्ये सेकेशफेहेर्वार येथील संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांचे वय ५९ होते. निधनाच्याच वर्षी ग्लासगोच्या कंपास गॅलरीत त्यांची चित्रे मांडली गेली. आज त्यांची रेखाटने ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत.