शिकागो ते शिकागो : समान नीतीचा शोध

जगातील धर्मांना समान असा नीतीचा पाया आहे काय, हा प्रश्न शंभर वर्षांच्या अंतराने शिकागो शहरात दोनदा विचारला गेला. सप्टेंबर १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच परिषदेच्या प्रारंभी कार्डिनल गिबन्स यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. दोनच वर्षांनी पोप तेरावे लिओ यांनी अमेरिकेतील कॅथलिकांना, अशा संमिश्र सभांऐवजी आपल्या सभा वेगळ्या भरवाव्यात, असा सल्ला दिला.

पुढची वाट मुंबईवरून गेली. डिसेंबर १९६४ मध्ये युखरिस्त परिषदेसाठी आलेल्या पोप सहावे पॉल यांनी येथील अन्यधर्मीय प्रतिनिधींसमोर बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली. वर्ष उलटण्याच्या आत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, व्हॅटिकन महासभेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, ही भूमिका त्यात मांडली गेली.

१९९३ च्या आरंभी मुंबई दंगलीत होरपळत होती, बोस्नियात युद्ध पेटले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिकागोच्या दुसऱ्या परिषदेत ‘जागतिक नीती’चा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याचा मसुदा स्विस कॅथलिक ईशज्ञानी हान्स क्युंग यांचा. प्रत्येक माणसाशी माणुसकीने वागावे, हे त्याचे मूळ सूत्र. आपल्याला जे नको ते दुसऱ्याला करू नये, हा विचार कन्फ्यूशियस, रब्बी हिलेल आणि महाभारत यांत आढळतो. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात तो होकारार्थी मांडला. या पायावर चार बांधिलक्या उभ्या केल्या गेल्या : जीविताचा आदर, न्याय्य अर्थव्यवस्था, सत्यनिष्ठा व सहिष्णुता आणि स्त्री-पुरुषांची समान भागीदारी. २०१८ मध्ये निसर्गरक्षणाची पाचवी बांधिलकी जोडण्यात आली.

बौद्ध प्रतिनिधींचा विचार करून या जाहीरनाम्यात देवाचे नाव घातले नाही. येथे श्रद्धावंताचे मन अडखळते. देवावाचून नीती टिकेल काय? आम्हांस वाटते, उत्तर संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही, त्यांच्याही अंतःकरणावर त्या नियमाची मागणी लिहिलेली आहे, असे तो मानतो. ती कोणी लिहिली, हे आम्ही श्रद्धेने जाणतो. शेजाऱ्याने ते नाव उच्चारले नाही, म्हणून अक्षरे पुसली जात नाहीत. नीतीवर एकमत म्हणजे श्रद्धेची सरमिसळ नव्हे. ख्रिस्त आम्हांला केवळ नियम देत नाही, तो क्षमा देतो आणि नियम पाळण्याचे बळही देतो.

जाहीरनाम्यांची खरी कसोटी मात्र सभागृहात लागत नाही. आपल्या इमारतीतील रिकामी खोली मागायला अन्यधर्मीय कुटुंब येते आणि त्यांचे आडनाव ऐकताच आपला आवाज बदलतो किंवा बदलत नाही, तेथे ती लागते.