कैद्याच्या मृत्यूचा खर्च कोणाच्या खात्यावर?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, हे तुम्ही वाचलं असेलच. कृष्णवर्णीयांच्या गुलामीविरुद्ध झगडणाऱ्यांबद्दलचा तो आदर होता आणि तो अनाठायी नव्हता. डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि सुमारे ४० लाख गुलामांच्या मुक्तीवर घटनेची मोहर उमटली. पण त्या दुरुस्तीत एक अपवाद ठेवलेला होता. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील, असा. ‘गुलामगिरी’ छापलं जात होतं त्या काळात दक्षिणेतली काही राज्यं याच अपवादाच्या आधाराने आपले कैदी रेल्वे कंत्राटदारांना आणि कापसाच्या मळेवाल्यांना भाड्याने देत होती.

आज हा विषय घेतोय त्यामागे कारण आहे. नफ्यासाठी चालवलेल्या तुरुंगांवर लिहायचं म्हटलं की बहुतेक जण ‘खासगी तुरुंग वाईट की सरकारी?’ असा प्रश्न घेऊन बसतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्न तुम्हाला फार लांब नेणार नाही. त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारा. माणूस तुरुंगात गेला की कोणाचं उत्पन्न वाढतं? आणि तो तिथे मेला तर कोणाचं नुकसान होतं?

सुरुवातीपासून बघू. यादवी युद्ध संपलं तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांची तिजोरी रिकामी होती. तुरुंग मोडकळीला आले होते आणि मळ्यांना मजूर हवे होते. १८६८ मध्ये जॉर्जिया राज्याने १०० कृष्णवर्णीय कैदी एका वर्षासाठी रेल्वेच्या कामावर दिले. मोबदला २,५०० डॉलर. म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं भाडं २५ डॉलर. खाऊ घालणं, राहायची सोय आणि पहारा हे सगळं कंत्राटदाराकडे. सरकारचा खर्च वाचला, वर चार पैसेही मिळाले. त्या १०० पैकी १६ जण वर्षभरात मेले. तरीही पद्धत बंद झाली नाही, उलट पसरली.

आता कंत्राटदाराच्या हिशेबाने विचार करा. गुलामाच्या मालकाने माणूस पैसे मोजून विकत घेतलेला असायचा. तो मेला तर मालकाचं भांडवल बुडायचं. भाड्याच्या कैद्यात असं काही अडकलेलं नव्हतं. एक मेला की दुसरा मागवायचा. त्याला नीट जेवण दिलं, आजारात विश्रांती दिली, तर तेवढा नफा कमी होणार. म्हणजे क्रूर माणूस शोधून नेमायची गरजच नव्हती. कराराची रचनाच ते काम करत होती.

इथे एक सावधगिरी. या पद्धतीवरच्या डेव्हिड ओशिन्स्की यांच्या १९९६ च्या पुस्तकाचं नावच ‘वर्स दॅन स्लेव्हरी’ आहे. शीर्षक चांगलंय, पण ते आपल्या प्रबंधाचा निष्कर्ष म्हणून सरळ उचलू नका. गुलामी जन्मासोबत यायची आणि पोटच्या पोरांची विक्री व्हायची. दोन यातनांची तुलना करण्यापेक्षा दोन्हीकडे नफा कसा काढला जायचा ते वेगवेगळं मांडा. संशोधन म्हणून ते जास्त टिकतं.

पुढचा टप्पा म्हणजे कैद्यांचा पुरवठा. एवढे ‘गुन्हेगार’ आले कुठून? मिसिसिपीत १८६५ च्या कायद्याने कृष्णवर्णीय माणसाला दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी पुरावा दाखवावा लागे, नाहीतर तो ‘बेकार भटक्या’ ठरायचा. १८७६ मध्ये तिथेच दुसरा कायदा झाला. दहा डॉलरच्या मालाची किंवा डुकरासारख्या जनावराची चोरी हा मोठा गुन्हा ठरला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. १८७४ मध्ये राज्याचे कैदी होते २७२. १८७७ च्या अखेरीस १,०७२. तीन वर्षांत लोक चौपट चोर झाले का? नाही. चोरीची व्याख्या बदलली. म्हणून गुन्ह्यांची आकडेवारी दिसली की आधी त्या वर्षीचा कायदा उघडा आणि मगच तक्ता करायला घ्या.

अलाबामात आणखी एक भर पडली. शेरीफ, कोर्टाचे कारकून, साक्षीदार यांना खटल्यामागे शुल्क मिळायचं आणि ते दोषी ठरलेल्या माणसाकडून वसूल व्हायचं. त्याच्याकडे पैसे नसतील तर शिक्षेचे दिवस संपल्यावरही तो खाणीत राबून ते फेडायचा. म्हणजे अटक करणाऱ्यापासून कोळसा विकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. १८९८ मध्ये या राज्याच्या महसुलापैकी सुमारे ७३ टक्के रक्कम भाड्याच्या कैद्यांमधून आली. एवढ्या उत्पन्नाची सवय लागल्यावर सुधारणा कोण करणार? ८ एप्रिल १९११ रोजी बॅनर खाणीत स्फोट होऊन १२८ जण मेले. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय कैदी, त्यातले कित्येक किरकोळ गुन्ह्यांसाठी आत आलेले. राज्याने ही पद्धत बंद केली १९२८ मध्ये, म्हणजे त्यानंतर १७ वर्षांनी.

मग ती बंद कशी झाली? फक्त दयेपोटी झाली असं लिहिलंत तर परीक्षक नक्की अडवतील. टेनेसीत १८९१ मध्ये कोल क्रीकच्या खाण कामगारांनी कैद्यांना आगगाडीत बसवून परत पाठवलं, कारण फुकटच्या मजुरांमुळे त्यांची मजुरी पडत होती. राज्याला सैन्य ठेवावं लागलं, खर्च वाढला आणि करार संपल्यावर त्याचं नूतनीकरण झालं नाही. फ्लोरिडात रेल्वेत विनातिकीट सापडलेला उत्तरेकडचा एक गोरा तरुण १९२२ मध्ये मजूर छावणीत मार खाऊन मेला. वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं आणि पुढच्याच वर्षी काउंटींनी कैदी भाड्याने देण्यावर बंदी आली. त्याआधी मेलेल्या कृष्णवर्णीयांसाठी असं झालं नव्हतं, हेही याच इतिहासात नोंदवायला हवं.

आता ‘खासगी की सरकारी’ या प्रश्नाकडे परत येऊ. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेतच खासगी भाडेपट्ट्याला मनाई केली. मग सरकारने स्वतःच पार्चमन हा तुरुंग-मळा उभा केला. कंत्राटदार गेला, पण कापूस राहिला, चाबूक राहिला, आणि १९०५ मध्ये या मळ्याने राज्याला १,८५,००० डॉलर मिळवून दिले. मालक बदलला, दोन प्रश्नांची उत्तरं बदलली नाहीत.

आजही हे प्रश्न उपयोगी पडतात. अमेरिकेतली पहिली मोठी आधुनिक तुरुंग कंपनी १९८३ मध्ये टेनेसीत सुरू झाली. तिथल्या कैद्यांपैकी खासगी तुरुंगांत साधारण ८ टक्केच आहेत, त्यामुळे सगळा दोष कंपन्यांवर टाकणं चूक ठरेल. पण काही करारांमध्ये ८० ते १०० टक्के खाटा भरलेल्या असतील अशी हमी सरकारने दिलेली आहे. खाटा रिकाम्या राहिल्या तरी पैसे द्यायचे. गुन्हे कमी झाले तर कोणाचं नुकसान होणार, हे करारातच लिहिलेलं आहे.

तुम्ही मुंबई इलाख्याच्या तुरुंगांवर काम करणार असाल तर एक सुचवतो. वार्षिक अहवालांत कैद्यांच्या कामातून झालेलं उत्पन्न एका तक्त्यात असतं आणि मृत्यू दुसऱ्या. आपण सवयीने ते दोन वेगळ्या प्रकरणांत टाकतो, एक ‘अर्थव्यवस्था’, दुसरं ‘आरोग्य’. ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. अमेरिकेसारखंच चित्र निघेल असं आधीच धरू नका. वेगळं निघालं तर का निघालं ते शोधा.

आणि आकड्यांमागे माणसं असतात हे विसरू नका. २०१८ मध्ये टेक्सासमधल्या शुगर लँड इथे शाळेच्या बांधकामात ९५ जणांचे अवशेष सापडले. उसाच्या मळ्यांवर राबलेले कैदी होते ते. तिथे असं दफनस्थळ असणार, हे रेजिनाल्ड मूर नावाचे माजी तुरुंग कर्मचारी कित्येक वर्षं सांगत होते. त्यांच्याकडे चिकाटी होती. अहवालात जो मृत्यू एका आकड्यात मिटला होता, त्याची जागा त्यांनी विचारत राहून शोधायला लावली. आपलंही काम साधारण तेच आहे.