उष्टा उंदीर

वजा १८०० तास. शनिवार, सकाळी ११.
डॅलसजवळचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार. टेबलांवर पारदर्शक डब्यांच्या ओळी, प्रत्येक डब्यात एक वेटोळं. मला पाहिजे होती ती बॉल पायथनची पांढऱ्या ठिगळांची मादी. विकणारा म्हणाला, मागच्याच आठवड्यात जेवलीय. झाकण उघडलं तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडा दिसला. नुकतीच पाणी प्यायली असेल, असं मी मनाशी म्हटलं. तोंड उघडून दाखवा म्हणायची लाज वाटली. वांगी घेताना मी देठ तपासतो, इथे नाही.

वजा १७९७ तास. दुपारी २.
घरी सहा बॉल पायथन. ही सातवी. नव्या सापासाठी वेगळी खोली, तळाला साधा कागद, स्वतःचं भांडं, स्वतःचा चिमटा आणि किमान ९० दिवस, हे मला तोंडपाठ होतं. इतरांना मी शिकवलंही होतं. पण वेगळ्या खोलीत आई होती, शिराळ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. ती म्हणाली, "बाजारातला बैल आणला तर लगेच दावणीला बांधत नाहीत रे. लाळ्या घेऊन आला असला म्हणजे? मी झोपते हॉलमध्ये." मी म्हटलं, आई, हे बैल नाहीत. रॅकचा खालचा कप्पा रिकामा होता. डबा तिथे सरकवला. कप्प्याकप्प्यांत बोटभर फट.

वजा १७९२ तास. संध्याकाळी ७.
जेवणाचा दिवस. सात उंदीर गरम पाण्यात वितळवले. रीत अशी की जुन्यांचं आधी उरकायचं, नव्याला शेवटी हात लावायचा. पण पाहुणी आली की आधी तिचंच ताट वाढतात ना, तसं मी केलं. तिने झडप घातली, उंदीर तोंडात धरला, दोन मिनिटांनी सोडून दिला. अंगावर चिकट लाळेची तार. वितळलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही, आणि उंदीर काही फुकट मिळत नाहीत. तोच चिमट्यात धरून मी वरच्या कप्प्यातल्या बंडूपुढे केला. बंडू माझा पहिला साप, अकरा वर्षांचा. त्याने एका घासात घेतला.

ज्या घरात वाढलो तिथे दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावला तर आई डोळे वटारायची. उष्टं हा शब्द मला चालायला येण्याआधी कळला असेल. तोच चिमटा पुढे पाच डब्यांत फिरला. मग सातही पाण्याची भांडी एकाच सिंकमध्ये, एकाच स्पंजने घासली.

रात्री १० वाजता दिवे मालवले. माझ्या हिशेबाने घात तोवर होऊन गेला होता.

वजा १५८४ तास. नववा दिवस.
नवीच्या पाण्यात तिळाएवढे काळे ठिपके, खवल्यांवर राखेसारखी पांढरी भुकटी. माइट. मादी रक्त पिऊन सापावरून उतरते आणि फटीत अंडी घालते. उबेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. सगळा रॅक उकळत्या पाण्याने धुतला, औषध मारलं, रात्री दोनपर्यंत जागलो. संकट ओळखलं आणि निस्तरलं, या समाधानात झोपलो. एवढा मूर्ख आनंद मला क्वचित झालाय.

वजा ८६४ तास. बुधवार.
बंडूने उंदीर नाकारला. नर कधीकधी महिनोन्‌महिने उपाशी राहतात, म्हणून सोडून दिलं.

वजा ६९६ तास.
बंडू मान उभी धरून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता. शिट्टीसारखा आवाज, हिरड्या लालभडक, घशात दोरीसारखा शेंबूड. डॉक्टरांनी घशातून बोळा फिरवून नमुना घेतला. तपासायचा होता तो सर्पेंटोव्हायरस, कोरोनाच्याच मोठ्या गणातला, नायडोव्हायरस. पायथनमध्ये तो ओळखला गेला २०१४ साली. त्याआधीचे कितीतरी मृत्यू न्यूमोनिया म्हणून नोंदले गेले असणार. लस नाही, विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक द्यायचं ते मागून शिरणाऱ्या जिवाणूंसाठी.

वजा ४५६ तास.
अहवाल आले. सातपैकी पाचांत विषाणू. सर्वाधिक कुणात? नवीत. तिला ना शिट्टी, ना शेंबूड. डॉक्टर म्हणाले, असे निरोगी दिसणारे वाहक असतात. अमेरिकेतल्या १२ संग्रहांमधले ६३९ साप तपासले गेले तेव्हा साधारण चौथ्या हिश्श्यात हा विषाणू सापडला होता. म्हणजे ९० दिवस वेगळं ठेवलं असतं तरी नुसत्या डोळ्यांना ती धडधाकटच दिसली असती. पहिल्याच आठवड्यात बोळा फिरवला असता, तर. आणि तोवर चिमटा वेगळा ठेवला असता, तर.

वजा १२ तास. बुधवार, रात्री ११.
बंडूला वाफ दिली. तो हातात दोरीसारखा लोंबत होता. आई दारात उभी होती, काही बोलली नाही. बैलाचा विषयही तिने काढला नाही.

शून्य. गुरुवार, सकाळी ११.
मी ऑफिसच्या कॉलवर होतो. आईने दार ढकललं. "अरे, तो वरचा... हलत नाही." पाण्याच्या भांड्याच्या काठावर हनुवटी टेकलेली, तोंड अर्धवट उघडं. बाहेर काढताना अजून थोडा उबदार होता, पण ती ऊब खालच्या तापपट्टीची.

खालच्या कप्प्यात काहीतरी घासल्याचा आवाज झाला. सातवी डब्याच्या भिंतीला नाक लावून वर चढू बघत होती, जीभ आतबाहेर. तो तिच्या जेवणाचा दिवस होता.