'ओ' या चिन्हाचा अर्थ आणि मुंबई रक्तगटाचा शोध

१

शास्त्रीय परिभाषेतील चिन्हाला स्वतःचा असा अर्थ नसतो. अभ्यासकांनी संकेताने ठरविलेला अर्थच तेवढा त्याला प्राप्त होतो, असे सामान्यतः मानले जाते. हे मत बहुतांशी ग्राह्य असले तरी अपुरे आहे. एकदा रूढ झालेले चिन्ह ते वापरणाऱ्याच्या विचारालाही वळण लावते, आणि चिन्हाने जे सुचविले त्यापलीकडे पाहण्याची गरज पुष्कळ काळ कोणास वाटत नाही. रक्तगटांच्या परिभाषेतील 'ओ' या अक्षराचा इतिहास हे याचे एक बोलके उदाहरण होय. या इतिहासाचा आरंभ व्हिएन्ना येथे झाला, आणि त्यातील एक निर्णायक टप्पा १९५२ साली मुंबईतील रक्ताच्या नमुन्यांवरून गाठला गेला. हा विषय केवळ परिभाषेचा असता तर त्याचे महत्त्व मर्यादित राहिले असते. परंतु येथे चिन्हाचा चुकीचा अर्थ लावला गेल्यास रुग्णाचा प्राण धोक्यात येतो.

२

कार्ल लॅन्डस्टायनर यांनी १९०१ साली एका माणसाचा रक्तरस दुसऱ्याच्या तांबड्या कोशिकांत मिसळून पाहिला, तेव्हा काही वेळा कोशिकांच्या गुठळ्या बनतात व काही वेळा बनत नाहीत, असे त्यांना आढळले. या समूहनात एक नियम होता. त्यावरून त्यांनी रक्ताचे तीन वर्ग पाडले व त्यांस 'ए', 'बी' आणि 'सी' अशी नावे दिली. म्हणजे आरंभी तिसरा वर्ग इतर दोन वर्गांसारखाच एका वर्णाक्षराने दर्शविलेला होता. त्यात अभावाची कोणतीही सूचना नव्हती. पुढील वर्षी डेकास्टेलो व स्टुर्ली यांनी चौथा वर्ग दाखवून दिला.

यानंतर नामकरणाचा गोंधळ सुरू झाला. प्राग येथील यान यान्स्की यांनी १९०७ मध्ये, तर अमेरिकेतील विल्यम मॉस यांनी १९१० मध्ये या चार वर्गांना रोमन अंक दिले. दुर्दैवाने दोघांचा क्रम परस्परविरुद्ध होता. यान्स्की ज्याला पहिला वर्ग म्हणत, तो मॉस यांच्या पद्धतीत चौथा होता. आणि यान्स्कींचा चौथा तो मॉस यांचा पहिला. एकाच अंकाने एका रुग्णालयात एक रक्त, तर दुसऱ्या रुग्णालयात नेमके विरुद्ध रक्त सूचित व्हावे, ही स्थिती किती धोक्याची होती हे सांगावयास नको. पहिल्या महायुद्धानंतर रक्ताधानाचा प्रसार झाला, तशी ही अडचण अधिकच जाणवू लागली.

याच सुमारास, १९१०-११ मध्ये, हायडेलबर्ग येथे फॉन डुंगर्न व हिर्शफेल्ड यांनी रक्तगट आनुवंशिक असल्याचे दाखवून दिले, आणि 'ए', 'बी', 'एबी' व 'ओ' ही अक्षरपद्धती पुढे आणली. १९२८ मध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्यविषयक समितीने हीच पद्धती पुरस्कृत केली व कालांतराने ती जगभर रूढ झाली. अंकांपेक्षा अक्षरे श्रेष्ठ ठरली याचे कारण उघड आहे. अंक केवळ क्रम सांगतात. अक्षरे मात्र कोशिकेवर काय आहे ते सांगतात. 'ए' म्हणजे 'ए' प्रतिजन असलेली कोशिका, 'एबी' म्हणजे दोन्ही असलेली. मग 'ओ' म्हणजे काय? जर्मन भाषेतील 'विना' या अर्थाच्या 'ओने' या शब्दाशी या अक्षराचा संबंध जोडण्यात येतो. युरोपातील अनेक देशांत तर ते अक्षर न मानता शून्यच मानले व लिहिले जाते. व्युत्पत्ती कोणतीही घेतली तरी बोध एकच होतो: येथे काही नाही.

३

या 'काही नाही'तून एक व्यवहार जन्मास आला. ज्या कोशिकांवर 'ए'ही नाही व 'बी'ही नाही, त्या कोणाच्याही शरीरात घातल्या तरी विरोध होणार नाही, असे अनुमान निघाले, आणि 'ओ' गटाच्या व्यक्तीस सर्वयोग्य दाता ही संज्ञा मिळाली. १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फॅन्टस यांनी रक्तसाठ्याची व्यवस्था उभारून तिला 'बँक' हे नाव दिले. मराठीत त्याचे 'रक्तपेढी' झाले. पेढीचे रूपक समर्पक आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. पेढीवर ठेवलेला रुपया आणि परत मिळणारा रुपया भिन्न असले तरी त्यांचे मूल्य एकच असते. रक्ताच्या बाबतीत ही समतुल्यता केवळ गट जुळण्यापुरतीच खरी असते, आणि 'ओ' गट हे त्या पेढीतील सर्वत्र चालणारे नाणे होय अशी समजूत दृढ झाली.

या समजुतीला सैद्धांतिक धक्का प्रथम लंडनच्या लिस्टर संस्थेत बसला. मॉर्गन व वॉटकिन्स यांनी १९४८ मध्ये असे दाखविले की, 'ओ' कोशिकांवर ज्याची प्रतिक्रिया दिसते ते द्रव्य 'ओ' गटापुरते मर्यादित नसून कमीअधिक प्रमाणात 'ए' व 'बी' कोशिकांवरही असते. त्यांनी त्यास 'एच' हे नाव दिले. याचा अर्थ असा की, 'ओ' कोशिका रिकामी नव्हती. उलट 'एच' द्रव्य तिच्यावरच सर्वाधिक होते. फक्त ते जवळजवळ सर्व माणसांत असल्यामुळे कोणाचा रक्तरस त्याला विरोध करीत नव्हता, आणि म्हणून ते दिसत नव्हते. सर्वांजवळ असलेली गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही, हा भाषेतलाही नेहमीचा अनुभव आहे.

४

जे सर्वांजवळ आहे ते ज्याच्याजवळ नाही असा माणूस सापडला, तरच त्याचे अस्तित्व निर्विवाद सिद्ध होणार होते. असा माणूस मुंबईत सापडला. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना मुंबईत काही मोजक्या व्यक्तींचे रक्त असे आढळले की, ज्याच्या कोशिका 'ए'विरोधी वा 'बी'विरोधी रक्तरसाने गोठत नव्हत्या, म्हणजे नेहमीच्या परीक्षेत ते रक्त 'ओ' ठरत होते. परंतु त्याच व्यक्तींचा रक्तरस 'ए' व 'बी' यांबरोबरच 'ओ' कोशिकांचेही समूहन करीत होता. कोणत्याही ज्ञात गटाचे रक्त त्यांना चालण्याजोगे नव्हते. लंडन येथील रूथ सँगर व आर. आर. रेस आणि मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या सहकार्याने या नमुन्यांचा अभ्यास झाला व १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात सातही संशोधकांच्या नावाने तो प्रसिद्ध झाला.

त्या निबंधाच्या शीर्षकात मुंबईचे नाव नव्हते. 'एबीओ' व्यूहाशी संबंधित एक नवे लक्षण, एवढाच त्याचा आशय होता, आणि 'नवे' हा शब्द अवतरणचिन्हांत होता. ही सावधगिरी अर्थपूर्ण आहे. आढळलेली गोष्ट एखाद्या नव्या द्रव्याचे असणे नसून, जुन्याच द्रव्याचे नसणे होती. या व्यक्तींच्या कोशिकांवर 'ए' नाही, 'बी' नाही आणि 'एच'ही नाही. म्हणूनच त्यांच्या रक्तरसात तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत. 'विना' या अर्थाला खऱ्या अर्थाने पात्र असलेले रक्त हेच होते. पण ते अक्षर सुमारे चार दशकांपूर्वीच दुसऱ्या गटाला देऊन झाले होते.

१९५५ मध्ये फिलिप लिव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबात असे पाहिले की, 'ओ' वाटणाऱ्या मातेने आपल्या मुलीस 'बी' हा गुण दिला आहे. रूढ नियमानुसार हे अशक्य होते. त्यावरून असा उलगडा झाला की, 'ए' व 'बी' यांची जनुके 'एच' या पायावरच आपले कार्य करतात; पायाच नसल्यास जनुक असूनही गुण प्रकट होत नाही. पुढे रसायनशास्त्राने याचे चित्र स्पष्ट केले. 'एच' जनुकाने घडविलेले एंझाइम शर्करेच्या साखळीस फ्यूकोज जोडते. त्यानंतरच 'ए' एंझाइम एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन, किंवा 'बी' एंझाइम गॅलॅक्टोज जोडू शकते. १९९० मध्ये हे जनुक वेगळे काढण्यात आले. त्याचे स्थान एकोणिसाव्या रंगसूत्रावर आहे. भारतीय व्यक्तींत बहुधा या जनुकातील ७२५ व्या स्थानी एका घटकाचा बदल आढळतो. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर भारतीय वंशाच्या काही व्यक्तींत हाच बदल, तर तेथील युरोपीय वंशाच्या व्यक्तींत निराळा बदल आढळला आहे. अर्थात 'मुंबई' हे नाव आता स्थळवाचक न राहता लक्षणवाचक झाले आहे. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले, तरी वैद्यकीय परिभाषेत 'बॉम्बे' हेच रूप टिकून राहिले, हेही त्याचेच गमक होय.

५

या शोधाचे व्यावहारिक परिणाम दोन प्रकारचे झाले. पहिला परीक्षेच्या पद्धतीविषयी. केवळ कोशिकांची परीक्षा केली तर मुंबई गटाची व्यक्ती 'ओ' ठरते. रक्तरसाची परीक्षा केवळ 'ए' व 'बी' कोशिकांनी केली तरीही ती 'ओ'च ठरते, कारण दोन्हींचे समूहन होणे हे 'ओ' गटाचेही लक्षण आहे. रक्तरस 'ओ' कोशिकांशीही लावून पाहिला, तरच भेद उघड होतो. म्हणून उलट परीक्षेत 'ओ' कोशिकांचा समावेश हा औपचारिकपणा नव्हे. संशय आल्यावर युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेल्या 'एच'विरोधी अर्काने निर्णय करता येतो: हा अर्क सामान्य 'ओ' कोशिकांचे जोरदार समूहन करतो, मुंबई गटाच्या कोशिकांचे करीत नाही.

ही परीक्षा टळली व दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्तरसाशी प्रत्यक्ष जुळवून पाहण्याचेही राहून गेले, तर परिणाम गंभीर होतात. अपघातात सापडलेल्या रुग्णास घाईने 'ओ' रक्त देण्याची प्रथा आहे, आणि इतरांच्या बाबतीत ती प्राणरक्षक आहे. परंतु मुंबई गटाच्या रुग्णातील 'एच'विरोधी प्रतिपिंडे शरीराच्या तापमानातही क्रियाशील असतात. ती आलेल्या कोशिका रक्तवाहिन्यांतच फोडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात व मृत्यू ओढवू शकतो. सर्वयोग्य दाता ही संज्ञा जेथे संपते ती सीमा हीच होय. या गटाची व्यक्ती इतरांना देऊ शकते, स्वतः मात्र स्वगटाखेरीज कोणाचेही घेऊ शकत नाही.

दुसरा परिणाम संघटनेविषयी. भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एक, युरोपात सुमारे दहा लाखांत एक इतका विरळ मानला जातो. भाटिया व साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ७,६०० त एक असे आले. इतक्या विरळ रक्ताचा साठा प्रत्येक पेढीत असणे शक्य नाही; शिवाय द्रवरूपात तांबड्या कोशिका वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवसच टिकतात. ग्लिसरॉल मिसळून उणे ६५ अंश सेल्सियसखाली गोठविल्यास त्या दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पण ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. म्हणून रक्ताऐवजी दात्यांची नोंद साठविणे हा मार्ग पुढे आला. मुंबईत १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली व आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था दुर्मिळ दात्यांची नोंद राखते. आंतरराष्ट्रीय नोंद ब्रिस्टल येथे ठेवली जाते. हा गुण अप्रभावी असल्यामुळे सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारणतः चारांत एक असते. म्हणून एक रुग्ण सापडताच त्याच्या भावंडांची परीक्षा करणे, हा सर्वांत जवळचा व फलदायी उपाय ठरतो.

६

या गटाच्या लेखनाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. 'ओ' अक्षराच्या पायाशी लहान 'एच' लिहून तो दर्शविण्याची रीत आहे. हस्तलेखात वा घाईच्या नोंदीत ते लहान अक्षर गळून पडल्यास उरते ते केवळ 'ओ', म्हणजे जी चूक टाळावयाची तीच. यास्तव दात्याच्या ओळखपत्रावर व रुग्णाच्या कागदावर 'मुंबई गट' असे पूर्ण शब्दांत लिहिणे, व सोबत 'ओ' रक्त देऊ नये अशी स्पष्ट सूचना देणे, हेच श्रेयस्कर होय. १९१० च्या सुमारास दोन अंकपद्धतींनी जो धोका निर्माण केला होता, त्याचेच हे लहान प्रमाणावरील पुनरावर्तन आहे.

'विना' या अर्थाच्या चिन्हाने सुमारे चार दशके जे झाकून ठेवले, ते मुंबईतील काही रुग्णांच्या रक्ताने उघड केले. परिभाषा ज्ञान साठविते, तशीच ती अज्ञानही साठविते. ज्याला शून्य म्हटले ते खरोखर शून्य आहे काय, हे पुन्हा तपासून पाहण्याचा प्रसंग अपवादात्मक उदाहरणच आणून देते. रक्तपेढीतील परीक्षकाने 'ओ' कोशिकांची नळी वगळू नये, या साध्या नियमामागे एवढा इतिहास उभा आहे.